भिंगरीसाठी सोडलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या जातीचे कोणी पाहिलेही नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. आकाराने मी शाळेच्या दोन जाड पुस्तकांएवढा. अंगावर एका ओळीत पाच बटणे, त्यांतले एक लाल. झाकण उघडून आत कॅसेट ठेवायची. कॅसेट म्हणजे तळहातावर मावणारी प्लास्टिकची चपटी डबी. तिच्यात तपकिरी रंगाची लांबच लांब फीत गुंडाळलेली असते आणि त्या फितीवर माणसाचा आवाज राहतो.

माझ्या पोटातल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. माझी सगळी कहाणी त्यांच्यावर उभी आहे. एक म्हणजे, लाल बटण दाबले की माझ्या आतले एक लहानसे लोखंडी डोके फितीवरचे जुने सगळे पुसून टाकते आणि त्याच्या मागोमाग दुसरे डोके नवे लिहिते. पुसल्याशिवाय मला लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकची एक इवलीशी पाकळी असते. ती मोडली की तिथे खाच पडते. माझ्या आतले एक बारीक बोट ती खाच चाचपते आणि लाल बटण खाली जाऊच देत नाही. म्हणजे जे जपायचे असेल त्याची पाकळी मोडायची. इतकी साधी युक्ती.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या. कोणी माझा पट्टा चढवला, कोणी माझे स्क्रू पिळले. अगदी शेवटी बसणाऱ्या बाईचे काम मला बोलते करायचे. ती लाल बटण दाबून म्हणाली, "एक, दोन, तीन. ऐकतोयस ना रे?" मग तेच तिला मी परत ऐकवले. ती हसून शेजारणीला म्हणाली, "हा शहाणा निघाला. जे सांगाल तेवढंच बोलणार." तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती.

मला विकत घेतले ते एका प्रॉम्प्टरने. नाटक चालू असताना पडद्याआड हातात वही घेऊन जो उभा असतो, तो प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की त्याने त्या वाक्याचा पहिला शब्द कुजबुजायचा. पहिलाच, जास्त नाही. तेवढ्यावर नटाला पुढचे आठवते. आणि हे अशा बेताने करायचे, की पहिल्या रांगेतल्या माणसालाही काही विसरले गेले होते याचा पत्ता लागू नये. तीस वर्षे त्यांनी हेच केले. एकदाही उजेडात आले नाहीत. बोलायची सवयच अशी होऊन गेली होती, की घरी चहा मागतानाही ते कुजबुजत.

त्यांना एक मुलगी होती. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. घरात बाप, लेक आणि तोंडाने फटकळ पण हाताने मायाळू अशी आत्या. मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टीव्हीवरच्या एका मालिकेत काम मिळाले. एका मोठ्या कुटुंबातली आगाऊ, बडबडी धाकटी मुलगी. मालिकेत तिचे नाव भिंगरी. पुढे तेच तिचे नाव झाले, म्हणून मीही तिला भिंगरीच म्हणतो.

भिंगरीला वाचून पाठ होत नसे. ऐकले की एकदाच पुरे. म्हणून बाबांनी मला आणले. रोज संध्याकाळी ते दुसऱ्या दिवसाचे कागद घेऊन माझ्यासमोर बसत, तिची वाक्ये तिला एकदा वाचून दाखवत आणि भिंगरी सोडून बाकी सगळ्यांची वाक्ये माझ्यात भरत. आजी, काका, डॉक्टर, चोर, सगळे बाबाच. आणि भिंगरीचे वाक्य आले की ते गप्प होत. तिला वाक्य म्हणायला जितका वेळ लागेल तितकी जागा मोकळी सोडत. ती मोजण्यासाठी माझ्या झाकणावर बोटाने हळूच टकटक करत. मग पुढचे वाक्य. सकाळी भिंगरी वेणी घालून घेताना मला लावायची आणि त्या मोकळ्या जागांत आपली वाक्ये म्हणायची.

"दादा, तुझी आजी आणि तुझा चोर एका आईची लेकरं वाटतात रे," आत्या वेणी घालता घालता म्हणायची. "दोघांचाही घसा बसलेला!"

"मला कुठे अभिनय करायचाय?" बाबा म्हणायचे. "तो तिनं करायचा. मी फक्त तिची जागा सोडतो. त्या जागेत मी कधी बोलणार नाही."

शाळेत तुम्ही गाळलेल्या जागा भरता ना? तशीच ही रीत. फक्त भरायचे ते आवाजाने.

कॅसेट संपत आली आणि टोकाला थोडी फीत उरली की भिंगरी त्यात गाणे म्हणायची. कुठेतरी ऐकलेले, कधी स्वतः रचलेले. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी बाहेर कुणालाच माहीत नव्हती. भिंगरीला दोन आवाज होते. मालिकेतला आवाज चिरका, वर चढवलेला. दिग्दर्शकांनीच तसा बसवला होता. "अजून वर! भिंगरी म्हणजे शिट्टी!" असे ते ओरडायचे. त्या शिट्टीत ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मला कुणी विचारलंय का?" आणि सगळे लोक हसायचे. दुकानदार, रिक्षावाले, शाळेतल्या बाई, सगळे तिला रस्त्यात थांबवून तेवढे एक वाक्य म्हणायला लावत. पण गाताना तिचा खरा आवाज यायचा. तो खालचा होता, किंचित ओलसर. लाकडी पेटीचे झाकण हळू उघडावे तसा. तो आवाज फक्त मला, बाबांना आणि आत्याला माहीत होता.

वर्षे गेली. भिंगरी चौदाची झाली, सोळाची झाली, तरी मालिकेत दोन वेण्या आणि शिट्टी तशीच होती. मग मालिकेसाठी गाणे करायला एक संगीतकार आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मेकअपच्या खोलीबाहेरून जाताना त्यांनी आतले गुणगुणणे ऐकले. पुढे भिंगरीने घरी येऊन त्यांचे बोलणे जसेच्या तसे म्हणून दाखवले, म्हणून मला ठाऊक.

"हा आवाज कुणाचा?"

"माझा."

"मग टीव्हीवर बोलते ती कोण?"

"ती भिंगरी. तिला कुणी विचारलंय का?"

मास्तर खूप हसले आणि म्हणाले, "मी विचारतो. एखादं गाणं घरी म्हणून आण."

त्या रविवारची दुपार मी विसरणार नाही. भिंगरीने स्वतःच रचलेले गाणे ती म्हणणार होती. पंख्याची घरघर माझ्यात येऊ नये म्हणून बाबांनी पंखा बंद केला. आत्याला खोकला होता. तिला गच्चीवर पाठवले. ती जाताना म्हणाली, "हो, हाकला मला. उद्या मोठी झाली की तिकीट काढून ऐकायला लावाल." मग लाल बटण दाबले गेले आणि सतरा वर्षांची ती मुलगी डोळे मिटून गायली.

दार लोटून ठेव,
कडी लावू नकोस.
मी येईन तेव्हा,
कुठे होतीस, विचारू नकोस.

गाणे संपले. बाबांनी कॅसेट काढली, चाकूच्या टोकाने तिची पाकळी मोडली आणि म्हणाले, "हे आता कोणी पुसायचं नाही. वर नाव लिहू का?"

"कशाला बाबा? माझं पाठ आहे सगळं. बघता क्षणी ओळखेन."

ती कॅसेट एका निळ्या डबीत ठेवली गेली. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. सांगतो का ते. स्टुडिओत आवाज भरणाऱ्या माणसाने भिंगरीला एक पिशवीभर टाकाऊ कॅसेट दिल्या होत्या. स्टुडिओच्या कॅसेट म्हणजे सगळ्यांच्या पाकळ्या मोडलेल्या. त्यानेच तिला शिकवले होते, "खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लाव, की जुनी कॅसेट नवी." आमच्या घरात रोज तेच चाले. प्रत्येक कॅसेटला खाच आणि प्रत्येक खाचेवर चिकटपट्टी. ज्या घरात खाच बुजवायची सवय जडली, तिथे खाच कशाची राखण करणार? पण हे मी सांगणार कसे? जे सांगाल तेवढेच मी बोलणार.

मास्तरांना गाणे फार आवडले. पण कॅसेट काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने मान हलवली. "आवाज चांगला आहे हो. पण हिला ओळखतंय कोण? लोक भिंगरीला ओळखतात. भिंगरीला गाऊ द्या." मास्तर खाली बघत राहिले. मग तेच गाणे दुप्पट वेगाने, ढोलाच्या ठोक्यावर, शिट्टीच्या आवाजात म्हटले गेले. ते तुफान चालले. चहाच्या टपरीपासून बसच्या थांब्यापर्यंत सगळीकडे वाजू लागले. एकदा ते आमच्याही खिडकीतून आत आले, तर बाबांनी उठून खिडकी लावून घेतली.

भिंगरीने मालिका सोडली आणि ती गावोगाव गायला जाऊ लागली. चकचकीत कपडे, धूर, रंगीत दिवे. निरोप देताना दिग्दर्शक म्हणाले, "जा, पण लक्षात ठेव. एक ना धड, भाराभर चिंध्या." आणि झालेही तसेच काहीसे. ती गाऊ लागली की लोक खालून ओरडत, "ए भिंगरी, ते वाक्य म्हण!" ती ते म्हणे, तेव्हाच टाळ्या पडत. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी तिने हट्टाने दोन गाणी खऱ्या आवाजात म्हटली. कंपनीने ती दोन्ही गाळली. उरलेली गाणी पडली. गाणारे म्हणत, "ही नटी आहे." टीव्हीवाले म्हणत, "ही आता गाणारी झाली."

ती दौऱ्यावर असायची त्या काळात बाबा घरीच असत. त्यांची नजर अधू झाली होती. नाटकाचे काम सुटले होते. रोज दुपारी ते निळ्या डबीतली कॅसेट माझ्यात घालत, एकदा गाणे ऐकत आणि फीत मागे गुंडाळून ठेवत. कित्येकदा कॅसेट माझ्यातच राहून जाई.

बाविसाव्या वर्षी भिंगरीला मालिकेत परत बोलावणे आले. लग्नाच्या वयाची भिंगरी, पण शिट्टी तीच. नको म्हणायची सोय नव्हती. गाण्याचे कार्यक्रम थांबले होते. निरोप सकाळी आला, कागद सकाळीच आले आणि दुपारी हजर व्हायचे होते. इतक्या वर्षांनी परत जायचे म्हणजे धास्ती. ती आंघोळीहून ओल्या केसांनीच माझ्यासमोर बसली. बाबांना ताप होता. ते पलंगावर पडल्या पडल्या वाक्ये सांगायला तयार झाले. कागद त्यांना दिसत नव्हते. आत्या एकेक वाक्य मोठ्याने वाचायची आणि बाबा ते आपल्या पद्धतीने माझ्यात म्हणायचे.

भिंगरीने माझे लाल बटण दाबले. ते खाली गेले नाही.

मित्रांनो, ते मी होतो. माझ्या पोटात निळ्या डबीतली कॅसेट होती आणि माझे बारीक बोट तिच्या खाचेत घट्ट रुतले होते. साऱ्या आयुष्यात मी एवढाच एक नकार दिला आहे.

"आता हाही अडून बसला!" ती चिडून म्हणाली. तिने झाकण उघडले, कॅसेट बाहेर काढली, खाच पाहिली आणि हसली. "हात्तिच्या, खाच आहे होय." आरशावर चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवलेले असत. त्यातला एक तिने बोटाने दाबून बसवला. नावाची चिठ्ठी नव्हतीच. ती वाचणार तरी काय? तिचा हात रोज करायचा तेच करत होता आणि मन दुपारच्या कामावर होते.

बटण खाली गेले. माझ्या पहिल्या डोक्याने दार पुसले, मग कडी पुसली, मग तिची वाट पुसली. मागोमाग दुसऱ्या डोक्याने लिहिले: "अगं बाई, भिंगरी! आलीस का परत?" ते बाबांच्या आवाजातल्या आजीचे वाक्य होते. त्यानंतर मोकळी जागा. ज्या गाण्याला अंगाखांद्यावर घेऊन मी पाच वर्षे बसलो होतो, ते मीच पुसले.

चार दिवसांनी बाबांचा ताप उतरला. दुपारी घरात कोणी नव्हते. त्यांनी चाचपत माझे बटण दाबले. गाणे ऐकू येण्याऐवजी त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यांनी फीत मागे नेली. पुन्हा ऐकले. कॅसेट उलटून पाहिली. मग पाठीवरून बोट फिरवले आणि त्यांना चिकटपट्टी लागली. ते तसेच बसून राहिले. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, दूधवाल्याने घंटा वाजवली, तरी ते उठले नाहीत.

मग त्यांनी एक गोष्ट केली. ती काय, ते पुढे कळेल. ती झाल्यावर कॅसेट निळ्या डबीत ठेवून त्यांनी डबी बंद केली.

संध्याकाळी भिंगरीने विचारले, "बाबा, आज ऐकलंत का माझं गाणं?"

"ऐकलं."

"कंटाळा नाही येत हो रोज तेच ऐकायचा?"

"छान आहे," बाबा म्हणाले.

बस, एवढेच. प्रॉम्प्टर ना ते! समोरच्याचे काही चुकले तर ते कुणाला कळू द्यायचे नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी तो आपल्या लेकीच्या बाबतीतही पाळला. तीन महिन्यांनी ते गेले. त्यांच्या जाण्याबरोबर तिच्यासाठी माझ्यात वाक्ये भरणारे कोणी उरले नाही आणि मी कपाटावर गेलो.

पुढची बारा वर्षे भिंगरीने घड्याळाच्या लंबकासारखी काढली. कधी मालिकेत वहिनी, कधी गाण्याच्या स्पर्धेत सूत्रसंचालन. कधी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात तेच एक गाणे, तीच शिट्टी. कोणी मुलाखत घ्यायला आले की शेवटी ती सांगे, "माझा खरा आवाज तुम्ही कुणी ऐकलेलाच नाही. तो घरी आहे. निळ्या डबीत." आत्या आत पाणी आणायला जाताना पुटपुटे, "मग काढ की बाहेर एकदा." पण ती डबी उघडत नसे. मला वाटते तिला भीती होती. नाही तर आधार. डबी आहे तोवर सगळे काही गेलेले नाही, असा.

सारा जन्म घसा ताणून बोलल्यावर घसा किती ऐकणार? एक दिवस मेकअपच्या खुर्चीत तिचा आवाज फाटला, तो पुन्हा जुळलाच नाही. घशात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्या काढल्या. दोन महिने बोलायचे नाही, असे सांगितले. दोन महिन्यांनी ती बोलली तेव्हा तिचा आवाज कोरड्या पानावर पाय पडावा तसा आला. गाणे तर सोडाच. मालिकेतून तिला निरोप मिळाला, की भूमिका दुसरीला दिली आहे.

बातमी ऐकून मास्तर घरी आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि जिना चढताना ते दोनदा थांबले.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "त्या वेळी मी खाली मान घालून बसलो, ते मला अजून टोचतं. सतरा वर्षांची असताना तू घरी म्हटलेलं गाणं. ती कॅसेट आहे ना तुझ्याकडे?"

भिंगरीने मान डोलावली.

"मग झालं तर! आता अशी यंत्रं आली आहेत, की फितीवरचा आवाज उचलून स्वच्छ करता येतो. आवाज तुझा तोच ठेवू. त्याच्याखाली मी नुसती एक पेटी वाजवीन. ढोल नाही, शिट्टी नाही. एकदा तरी लोकांना कळू दे, तू कोण होतीस ते."

किती वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर उजेड आला! घसा गेला होता, पण आवाज डबीत होता. तिने स्टुलावर चढून मला खाली काढले. आत्याने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. भिंगरीने निळी डबी उघडली आणि कॅसेट हातात घेतली. पाठीवरची चिकटपट्टी आता पिवळी पडली होती. ती दिसताच तिचे बोट तिथे थांबले. मला वाटते, तिला त्याच क्षणी समजले. तरीही तिने कॅसेट माझ्यात घातली, बटण दाबले.

"अगं बाई, भिंगरी! आलीस का परत?" बाबा म्हणाले. मग मोकळी जागा. टक, टक, टक.

मास्तर बघत राहिले. "हे काय? चुकीची लावलीस का?"

तिने मला तसेच चालू ठेवले. आजी बोलली, काका बोलले, डॉक्टर बोलले, सगळ्यांच्या मध्ये मोकळ्या जागा. आत्या तोंडावर पदर धरून म्हणाली, "अगं, ही तर त्या सकाळची. मीच वाचून दाखवलं होतं गं!" आणि ती खुर्चीत बसली.

मास्तर बटण बंद करायला उठले. भिंगरीने त्यांचा हात धरला. वाक्ये संपली होती, पण फीत चालू होती. थोडी खरखर झाली. मग बाबांचा आवाज पुन्हा आला. आता त्यात आजी नव्हती, चोर नव्हता. बाबाच होते.

"पोरी, तुझं गाणं पुसलं गेलं. तुला कधी कळलं तर घाबरू नकोस. मी आहे इथे. पहिला शब्द मी सांगतो. पुढचं तू म्हण."

टक, टक.

"दार…"

आणि मोकळी जागा. एका ओळीएवढी, अगदी बरोबर.

मित्रांनो, बाबांना वाटले होते, की तिच्याजवळून गेलेच तर गाणे जाईल. शब्द विसरतील. जन्मभर त्यांनी माणसांना विसरलेले शब्दच पुरवले होते. आवाज जाईल, हे त्यांच्या मनातही आले नाही.

भिंगरीने तोंड उघडले. नुसती हवा आली.

"कडी…" बाबा कुजबुजले. मोकळी जागा. तिने पुन्हा तोंड उघडले. ओठ हलले. समोर माणूस असता तर थांबला असता, दुसऱ्यांदा शब्द सांगितला असता. फीत थांबत नाही.

"मी…"

मोकळी जागा.

"कुठे…"

मोकळी जागा. मग खुट् असा आवाज आला. बाबांनी बारा वर्षांपूर्वी बटण बंद केल्याचा.

मास्तर म्हणाले, "चाल मला पाठ आहे. माझ्याकडे एक मुलगी शिकते. तुझ्यासारखाच आवाज आहे तिचा. या जागांमध्ये तिला गायला लावू? बाबांचा आवाजही राहील आणि गाणंही—"

"नको," भिंगरी म्हणाली. तो पानावर पाय पडल्यासारखा आवाज. "ती जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली आहे."

मास्तर जिना उतरून गेले. आत्याने दार लोटले. कडी लावली नाही.

तेव्हापासून मी पुन्हा कपाटावर आहे. कॅसेट माझ्या पोटातच आहे. भिंगरी मला लावत नाही. माझा रबरी पट्टा सैल झाला आहे आणि लावले तर मी फीत गुंडाळून खाईन, या भीतीने ती माझ्याजवळ येऊन परत जाते. आणि न लावल्यामुळे माझा पट्टा दिवसेंदिवस चिकट होत चालला आहे, फीत कोरडी पडत चालली आहे. लावले तरी बाबा जातील, नाही लावले तरी जातील. यातून वाट मला सापडत नाही. सापडली असती तर मी तुम्हाला नक्की सांगितली असती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला उपदेश करायचा काय अधिकार? मीच तर पुसले. पण एवढे ऐका. तुमच्या घरी कोणी खालच्या आवाजात गात असेल, तर त्याला वरच्या आवाजात गायला लावू नका. ज्यावर जीव आहे, त्यावर नाव लिहा. 'माझ्या लक्षात राहील' म्हणू नका. फार हुशार मुलीही असेच म्हणतात. आणि एखादे यंत्र कधी हट्टाने अडून बसले, तर चिकटपट्टी शोधायच्या आधी क्षणभर थांबा आणि आत काय आहे ते पाहा.

मी त्या दिवशी अडून बसलो होतो. मला कुणी विचारले नाही.